पुढचं डावं चाक तापतंय, ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलायलाच हवा का?

गाडी २००८ ची, पेट्रोल, रत्नागिरीत असते. पावसाळाभर उभीच होती, आता चालवली की डावीकडे ओढते आणि चाकाला हात लावला तर चटका बसतो, जळका वासपण येतो. मेकॅनिक म्हणतो अख्खा कॅलिपर बदला. स्वस्तात काही होईल का?

> कोकणात उभी गाडी म्हटल्यावर गंज आलाच 😅 आधी जॅक लावून चाक हाताने फिरवून बघा. जाम असेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल-हवा काढायचा स्क्रू) जरासा सैल करा, चाक लगेच मोकळं झालं तर प्रेशर अडकतंय, म्हणजे बहुतेक होज पाईप (ब्रेक ऑइलचा रबरी पाईप) आतून फुगलाय, आणि तसंच जाम राहिलं तर पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो) नाहीतर पिस्टन (जो पॅड दाबतो) अडकलाय. नंतर ब्रेक लाइनमधली हवा काढायला विसरू नका.

> माझ्याकडे नुसत्या स्लाइड पिना धरल्या होत्या. पॉलिश पेपर मारला, सिलिकॉन ग्रीस लावलं, झालं काम. साधं ग्रीस नको हां, रबर फुगतं.

> पिस्टन असेल तर सील किट मागा, कॅलिपरपेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण पिस्टनला खड्डे पडले असतील तर किट टाकून उपयोग नाही, पुन्हा लीक होणार. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका, आमच्याकडच्या पोऱ्याने तेच केलं.

निपल सोडल्यावर पण जामच होतं. पिना काढल्या, खालची हातोडीने ठोकून निघाली 🙈 उद्या ग्रीस आणतो.