मदत हवी आहे: फ्लिंट हिल्सच्या माळरानावर एकटीने दिवसभराची चाल (कॅन्सस, एप्रिल)

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची. गेली तीन वर्षं कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहते. सह्याद्रीत वीस वर्षं फिरले, पण कायम चार-सहा जणांच्या सोबतीने. इथे ती सोबत नाही. नवऱ्याचे गुडघे दुखतात, लेक शिकायला दुसऱ्या राज्यात. एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी स्ट्राँग सिटीजवळच्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये एकटीने जाऊन सीनिक ओव्हरलूकपर्यंत चालून यायचं मनात आहे. जाऊन-येऊन साधारण १० किलोमीटर. चढ म्हणाल तर अजिंक्यताऱ्यापुढे काहीच नाही. तरी या चालीची जेवढी धास्ती वाटतेय तेवढी कुठल्या गडाची वाटली नव्हती.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उत्तर अमेरिकेत एके काळी १७ कोटी एकर उंच गवताचं माळरान होतं. त्यातलं ४ टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि त्यातलं बहुतेक याच फ्लिंट हिल्समध्ये. चुनखडीत गारगोटीचे इतके थर की नांगर चालला नाही, म्हणून गवत वाचलं. लांबवर पसरलेल्या बुटक्या धारा, एकामागे एक, आणि वर नुसतं आभाळ. गाडीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कासच्या सड्याची आठवण येऊन घशात दाटून आलं होतं.

आता भीती कशाची ते सांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका माळावर एकटी गेले होते. दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळं झालं, गडगडायला लागलं. सह्याद्रीत असते तर खडकाचा आडोसा, एखादी गुहा, खालची वाडी, काहीतरी सुचलं असतं. तिथे झाड नाही, दगड नाही, मैलभरात सगळ्यात उंच मीच. चाळीस मिनिटं पळत गाडी गाठली. घरी कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून एकटी गेलेले नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

तर वसंतातल्या वादळांचा अंदाज कसा घ्यायचा आणि परत फिरायचं कधी ठरवायचं? वाट बायसनच्या (इथल्या रानगव्यांच्या) कुरणातून जाते, कळप वाटेवरच असला तर काय करायचं? आणि एप्रिलमध्ये तिथे गवत जाळतात म्हणे, त्या दिवसांत जावं की नाही? "एकटी जाऊच नका" हे घरून ऐकून झालंय. ते चुकीचं आहे असं नाही, पण जायचं ठरवून मी विचारतेय.

– माळवाट

कुरणकाठ: ताई, मी मॅनहॅटनला (आमचं कॅन्ससमधलं) अकरा वर्षं आहे. ही वाट पाच-सहा वेळा चाललोय, दोनदा एकटा.

वाट म्हणजे जुना रँचचा खडीचा रस्ता, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. बायसन मात्र मनावर घ्या. २००९ साली साउथ डकोटातल्या विंड केव्हहून १३ जनावरं आणून सोडली, त्यांचा आता मोठा कळप झालाय. एप्रिल-मे हा वासरं होण्याचा काळ. वासरू तांबूस, लांबून गाईच्या पाडसासारखं दिसतं, आणि आई जवळच असते. अंतर १०० यार्डांच्या आत येऊ द्यायचं नाही. हात लांब करून अंगठा उभा धरा. जनावर अंगठ्याआड पूर्ण झाकलं गेलं नाही तर तुम्ही जास्त जवळ आहात. शेपूट वर उचललं की ते बिथरलंय समजा. राधानगरीचा गवा पाहिला असेल तर अंगाची कल्पना येईल, पण हा उघड्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर पळतो. कळप रस्त्यावर बसलेला असेल तर थांबा, नाही हलला तर माघारी फिरा. मधून वाट काढायची नाही.

जाळण्याचं म्हणाल तर घाबरू नका. आपल्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो, पण हे माळरान आगीवरच जगतं. जाळलं नाही तर रेड सीडर (नावाला सीडर, पण जुनिपरच्या जातीची) झाडं गवत गिळतात. बिग ब्लूस्टेम या इथल्या उंच गवताची मुळं तीन-तीन मीटर खोल, वर राख झाली तरी खाली धक्का नाही. कोकणातली भाजावळ डोळ्यांसमोर आणा. ज्या दिवशी जाळतात तेव्हा तो भाग बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरला फोन करा. शेजारचे रँचवालेही त्याच काळात जाळतात, तेव्हा दम्याचा त्रास असेल तर वाऱ्याची दिशा बघून ठरवा. जाळल्यावर आठ-दहा दिवसांनी गेलात तर काळ्या जमिनीवर पोपटी कोंब दिसतील. माझ्या मते वर्षातला सगळ्यात सुंदर आठवडा तो.

नीलमोहर: गोचिडांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. फिकट रंगाची पँट, मोज्यात खोचलेली. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा (घरी मांजर असेल तर ओलं असताना जवळ येऊ देऊ नका, त्यांना ते विषारी आहे). लोन स्टार नावाची गोचीड तिथे असते, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका. तिच्या चाव्याने काहींना मटण-बीफची ॲलर्जी होते. माझ्या भावाला झालीय. चार वर्षं घरात मटण शिजलेलं नाही. हे हसण्यावारी नेऊ नका.

सोलापूरकर: पहाटे जाणार असाल तर प्रेअरी चिकन या माळावरच्या पक्ष्याचा आवाज ऐका. नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात, एप्रिल हाच त्यांचा हंगाम. नान्नजला आम्ही माळढोकासाठी पहाटे जाऊन बसायचो. माळाला "पडीक" म्हणणाऱ्यांना हा आवाज ऐकवायला हवा.

माळवाट: सगळ्यांचे मनापासून आभार. कुरणकाठ, वादळांबद्दल अजून थोडं सांगाल का? ॲपवर "४० टक्के पाऊस" दिसलं की मला काहीच उलगडत नाही.

कुरणकाठ: पावसाचे टक्के सोडा. नॉर्मन, ओक्लाहोमाच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा नकाशा बघा. तीव्र वादळांची शक्यता पाच पायऱ्यांत असते. दुसऱ्या किंवा वरच्या पायरीत चेस काउंटी (हे माळरान ज्या काउंटीत येतं ती) असेल तर मी जात नाही. पहिल्या पायरीला सकाळीच आटोपतो. इथली वादळं बहुधा दुपारनंतर उठतात, म्हणून सात वाजता चालायला लागा आणि कुठेही असलात तरी दहाला वळा. ओव्हरलूक दिसत असला तरी. "वॉच" म्हणजे वादळाला वातावरण पोषक आहे, "वॉर्निंग" म्हणजे ते आलंय. वॉच लागला की निघा, वॉर्निंगची वाट बघू नका. गडगडाट ऐकू आला तर वीज पोचू शकते इतकी जवळ आहे. धारेवरून उतरून थेट गाडीकडे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काचा बंद करून आत.

वाटेवर प्यायचं पाणी नाही, सावली नाही. तीन लिटर तरी न्या. रेंज मला तरी येऊन-जाऊन होती, तेव्हा घरी परतीची वेळ लिहून ठेवा.

माळवाट (दहा दिवसांनी): काल जाऊन आले. पहाटे साडेचारला निघाले, आय-३५ ने एम्पोरिया, पुढे यूएस-५०. सातला पहिलं पाऊल. नकाशावर काहीच रंग नव्हता.

ओव्हरलूकपर्यंत पोचले नाही. शेवटच्या चढाआधी कळप रस्त्यावर आडवा बसला होता, सात-आठ तांबूस वासरांसह. अंगठा धरून पाहिला, लांबच थांबले. चाळीस मिनिटं बसून राहिले, कोणी उठलं नाही. पावणेदहाला वळले. दक्षिणेचा वारा इतका की टोपीची दोरी गळ्याला काचत होती, पण बसल्या जागी डाव्या हाताला सगळी टेकडी काळी आणि तिच्यावर ते पोपटी कोंब. प्रेअरी चिकन दिसले नाहीत. घुमणं ऐकलं, दोनदा, कुठून ते कळलं नाही.

घरी आल्यावर मोज्यावर दोन गोचिडी सापडल्या, एक पांढऱ्या ठिपक्याची. अंगावर चावा दिसत नाही. नीलमोहर, तुमच्या भावाला त्रास चावल्यावर किती दिवसांनी जाणवला होता?

नीलमोहर: त्याला दीड महिन्याने. मटण खाल्ल्यावर चार-पाच तासांनी, मध्यरात्री अंगभर गांधी उठल्या. चावा नसेल तर काळजी नको, पण गुडघ्यामागे, काखेत, केसांत पुन्हा एकदा कोणाला तरी बघायला सांगा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि तारीख लिहून ठेवा.