आधारगटात डॉक्टर बसायलाच हवा का?

कृष्णाकाठची: आमच्या सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर दुसऱ्या शनिवारी आम्ही नऊ-दहा जण एकमेकांना आधार द्यायला जमतो. कुणाला नैराश्य, कुणाच्या मुलाला स्किझोफ्रेनिया, तर कुणी नुसतंच एकटं. आता वाचनालयाची समिती म्हणते, डॉक्टर बसणार असेल तरच खोली मिळेल. मला हे अजिबात मान्य नाही. एक आजोबा तीन शनिवार गप्प बसून गेले. चौथ्या वेळी म्हणाले, "अजून दोघांचाच चहा टाकला जातो माझ्या हातून." शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्याकडून वर्षभर टाकला जायचा." त्यानंतर आजोबा तासभर बोलत होते. समोर डॉक्टर असते तर आजोबा नुसते पेशंट झाले असते.

नाशिकचा भाऊ: ताई, समितीचं बरोबर आहे. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाला चढतं, कधी पार खचतं. अशाच एका गटात कुणीतरी सांगितलं, "मी गोळ्या सोडल्या, ठणठणीत आहे." यानं त्या आजारावरचं औषध, लिथियम, बंद केलं. दीड महिन्यानं रात्री तीन वाजता दुकानाचं शटर उघडून रस्त्यावरच्या लोकांना माल वाटत होता. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर भावानं ऐकलं.

मडगावकर: गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेनं मानस प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याचे रुग्ण सुधारण्याचं प्रमाण वाढलं होतं.

नाशिकचा भाऊ: ते गट नव्हते हो! एकेकाशी बोलणं होतं, आणि वर देखरेखीला तज्ज्ञ. मी तेच मागतोय.

ठाण्याहून: अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचं संघटन, 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं ते दोघांच्या बोलण्यातून. त्यातला एक सर्जन होता, पण तिथे तो डॉक्टर म्हणून बसला नव्हता, दारू सुटत नाही म्हणून बसला होता. माझी स्वतःची 11 वर्षं याच बळावर गेली. उपदेश मला घरीदारी भरपूर मिळाला होता. "काल मलाही प्यावीशी वाटली" हे मात्र गटातच ऐकायला मिळालं.

नाशिकचा भाऊ: तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण दारू सोडणं आणि लिथियम सोडणं या अगदी उलट गोष्टी आहेत.

कृष्णाकाठची: भाऊ, तुमचं वाचून झोप लागली नाही. औषधाचा सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही हा नियम आजच भिंतीवर लावते, खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. महिन्यातून एकदा आम्ही दोघी समुपदेशकाकडे जाऊन काय चाललंय ते सांगू. पण खोलीत डॉक्टरांची खुर्ची ठेवणार नाही.

नाशिकचा भाऊ: आणि एखादा यायचाच बंद झाला तर?

कृष्णाकाठची: परवा आजोबा आले नाहीत. काकू आणि मी सात वाजता त्यांच्या घरी गेलो. दुधाची पिशवी दाराच्या कडीलाच होती. ताप होता. काकूंनी आत जाऊन चहा टाकला.