प्रदेशाचा 'नागरिक', 'रहिवासी' की 'अधिवासी'?

विचारणा

स्पेनमधल्या स्वायत्त प्रदेशांवर लेख लिहायला घेतला आहे आणि एका साध्या वाक्याशी अडलो आहे: 'कॅटलोनियाच्या नागरिकांनी प्रादेशिक संसदेसाठी मतदान केलं.' कॅटलोनियाचं वेगळं पारपत्र नाही, मिळतं ते स्पेनचंच. मग 'नागरिक' लिहिणं बरोबर का? 'रहिवासी' लिहावं तर तिथे वर्षानुवर्षं राहणारा मोरोक्कोचा माणूसही त्यात आला, आणि त्याला त्या निवडणुकीत मत नाही. 'कॅटलन लोक' म्हटलं की भाषा, वंश वगैरे मनात येतं. 'अधिवासी' कोशात सापडला, पण तो वाचून वाचक थबकेल अशी भीती वाटते. राज्य एकच, पण अधिकार हळूहळू प्रदेशांकडे जाताहेत, अशा देशात माणसाचं प्रदेशाशी असलेलं कायदेशीर नातं मराठीत कसं सांगायचं? आणि 'प्रादेशिक अस्मिता' व 'प्रादेशिक ओळख' यांत फरक करावा का?

पहिला प्रतिसाद

'नागरिक' खुशाल लिहा. कॅटलोनियाचा २००६ सालचा स्वायत्ततेचा कायदा स्वतःच 'कॅटलोनियाचे नागरिक' म्हणतो. अटी दोनच: स्पेनचं नागरिकत्व हवं, आणि कॅटलोनियातल्या कुठल्या तरी नगरपालिकेत राहत असल्याची नोंद हवी. जन्म कुठला, घरात कोणती भाषा, आडनाव काय, हे कायदा विचारत नाही. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातून कामासाठी आलेल्या कुटुंबाने बार्सिलोनात नाव नोंदवलं की ते कॅटलोनियाचे नागरिक. उद्या बिऱ्हाड माद्रिदला हललं की तिकडचे.

खरी पंचाईत 'नागरिक'ची नाही, 'राष्ट्र'ची आहे. १९७८च्या संविधानाच्या दुसऱ्या कलमात राष्ट्र एकच आहे, स्पेन; आणि त्याच्या पोटातल्या 'नासिओनालिदादेस' व प्रदेश यांना स्वायत्ततेचा हक्क दिला आहे. या पहिल्या शब्दासाठी कोशातून 'राष्ट्रीयत्वे' उचलाल तर फसाल. मराठीत राष्ट्रीयत्व म्हणजे अर्जातला एक रकाना, ज्याचं उत्तर एका शब्दात असतं. इथे अभिप्रेत आहेत ते स्वतःची भाषा आणि इतिहास असलेले, राष्ट्र म्हणवून घ्यायला उत्सुक असलेले प्रदेश. ते कोणते, हे संविधानाने लिहिलेलंच नाही. २००६च्या कायद्याच्या प्रस्तावनेत कॅटलोनियाच्या संदर्भात 'राष्ट्र' हा शब्द आला, आणि २०१०मध्ये स्पेनच्या संवैधानिक न्यायालयाने त्या उल्लेखाला कायदेशीर परिणाम नाही असा निर्णय दिला. शब्द कागदावर राहिला, त्यातलं बळ काढून घेतलं. मी असतो तर 'ऐतिहासिक प्रदेश' लिहिलं असतं आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा केला असता.

दुसरा प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त ते अर्धं आहे. बिऱ्हाडाबरोबर बदलतं ते मत. स्पेनमध्येच दुसरं एक नातं आहे, ते इतक्या सहज सुटत नाही: 'बेसिंदाद सिविल'. मृत्युपत्र, वारसा, नवरा-बायकोची मालमत्ता या बाबतींत स्पेनमध्ये सगळीकडे एकच कायदा नाही. सर्वसाधारण दिवाणी संहितेप्रमाणे मृताच्या मालमत्तेतला दोन तृतीयांश वाटा मुलाबाळांसाठी राखीव असतो. कॅटलोनियाच्या कायद्यात तोच वाटा एक चतुर्थांश आहे. कोणाला कोणता कायदा लावायचा हे त्याच्या 'बेसिंदाद'वर ठरतं. नव्या प्रदेशात २ वर्षं राहून तशी इच्छा नोंदवली तर ती बदलते. काहीच न बोलता १० वर्षं काढली तरी बदलते, मात्र मला जुनीच हवी असं मधल्या काळात नोंदवलेलं नसावं. म्हणजे बार्सिलोनातून येऊन माद्रिदला चार-पाच वर्षं राहिलेल्या माणसाचं मत माद्रिदचं आणि मृत्युपत्र कॅटलोनियाचं असू शकतं. या दोन्हींना 'प्रादेशिक नागरिकत्व' म्हटलं तर वाचकाचा गोंधळ होणारच.

म्हणून मी कोशापेक्षा एका प्रश्नावर विसंबतो: घर हलवल्यावर ते नातं सुटतं का? लगेच सुटत असेल तर 'रहिवास'. काही वर्षांनी, अटींवर सुटत असेल तर 'अधिवास'. सुटतच नसेल तर 'मूळ'.

अधिवासाचं नेमकं उदाहरण म्हणजे ओलांड बेटं. फिनलंडचा हा स्वायत्त प्रांत स्वीडिशभाषक आहे. तिथल्या हक्काच्या स्वीडिश नावाचा अर्थ साधारण 'घरच्या मुलखाचा हक्क' असा होतो. तो मिळवायला फिनलंडचं नागरिकत्व, बेटांवर ५ वर्षांचं वास्तव्य आणि कामापुरती स्वीडिश यायला हवी. तो नसेल तर प्रांताच्या विधिमंडळासाठी मत देता येत नाही, आणि जमीन घ्यायला किंवा धंदा करायला परवानगी मागावी लागते. मिळाला म्हणजे कायमचा झाला असंही नाही. ५ वर्षांहून अधिक काळ बेटांबाहेर राहिलं की जातो. याला 'नागरिकत्व' म्हणणं जास्त होईल आणि 'रहिवास' म्हणणं कमी. 'अधिवासहक्क' चपखल बसतो.

दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंड. त्यांच्या संविधानाचं ३७वं कलम सांगतं की जो एखाद्या गावाचा आणि ते गाव ज्या कँटनमध्ये, म्हणजे घटकराज्यात, आहे त्या कँटनचा नागरिक, तो स्विस नागरिक. उतरंड उलटी आहे: आधी गाव, मग कँटन, मग देश. पारपत्रावर जन्मस्थळाऐवजी हे 'मूळ गाव' छापतात. पणजोबांनी सोडलेलं आणि पारपत्रधारकाने कधी पाहिलेलंही नसलेलं गाव तिथे असू शकतं. इथे 'अधिवास' लिहिलं तर अर्थाचा पार अनर्थ होईल, कारण अधिवासात वास आहे आणि या माणसाने तिथे एक रात्रही काढलेली नसते.

तिसरा प्रतिसाद

कसोटी आवडली. 'अधिवास'बद्दल मात्र एक इशारा, कारण मराठी वाचकाच्या कानात तो शब्द आधीच भारतीय अर्थाने बसलेला आहे. आपल्या संविधानाच्या पाचव्या कलमात अधिवास येतो तो भारताच्या राज्यक्षेत्रातला. घटकराज्याचा वेगळा अधिवास असं तिथे काही नाही, जसं घटकराज्याचं वेगळं नागरिकत्वही नाही. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून सांगितलं: अधिवास एकच, भारताचा. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत राज्यं तो शब्द वापरतात ते कायम वास्तव्याच्या अर्थाने, आणि हा चुकीचा वापर त्यांनी सोडावा असंही न्यायालयाने सुचवलं. दाखल्यांवरून शब्द काही हटला नाही. त्यामुळे सामान्य वाचकाला 'अधिवास' म्हणजे इतकी वर्षं राहिल्याचा सरकारी कागद, एवढंच ठाऊक असतं. तुमच्या लेखापुरता हाच अर्थ सोयीचा आहे! कायद्याच्या नियतकालिकात लिहीत असाल तर मात्र तळटीप द्या.

'जन्मस्थान' आणि 'निवास' हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नका. आपलं १५वं कलम जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतं, त्यात निवासाचा उल्लेख नाही. सरकारी नोकऱ्यांबद्दलच्या १६व्या कलमात दोन्ही शब्द आहेत, आणि त्याच कलमात संसदेला निवासाची अट घालण्याची मोकळीकही आहे. घटनाकारांनी जिथे हे शब्द वेगळे ठेवले तिथे लेखकाने ते एकत्र कालवू नयेत.

चौथा प्रतिसाद

वर्तमानपत्रांना ही कसोटी कोणीतरी पाठवा. २०१४ सालच्या सार्वमतानंतर 'स्कॉटिश जनतेने स्वातंत्र्य नाकारलं' असंच अजूनही लिहितात. मतदान केलं ते स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या, १६ वर्षं पूर्ण झालेल्या मतदारांनी. एडिंबरात राहणाऱ्या पोलिश माणसाला युरोपीय संघाचा नागरिक म्हणून मत होतं. ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेल्याला नव्हतं. 'स्कॉटलंडमधल्या मतदारांनी' लिहायला चार-पाच अक्षरं जास्त लागतात, एवढंच.

पाचवा प्रतिसाद

कोणी नेपाळचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं, कारण आपल्या लिपीतलं, आपल्याला जवळजवळ जसंच्या तसं कळणारं वाक्य तिथे तयार आहे. २०१५च्या नेपाळच्या संविधानाचं दहावं कलम म्हणतं: 'प्रादेशिक पहिचान सहितको एकल संघीय नागरिकता'. प्रदेशाची ओळख असलेलं, तरीही एकच, संघाचं नागरिकत्व. विचारणाऱ्याला हवी ती कल्पना सहा शब्दांत आली आहे.

गंमत पुढे आहे. संविधानाने ७ प्रदेश केले तेव्हा त्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. 'प्रदेश नं. १' अशी ज्याची पाटी, त्याची ओळख नागरिकत्वाला जोडायची तरी कशी? नावं ठेवायचं काम प्रदेशसभांवर सोपवलं होतं आणि त्याला दोन तृतीयांश बहुमत लागत होतं. शेवटचा राहिलेला पहिल्या क्रमांकाचा प्रदेश २०२३मध्ये 'कोशी' झाला, आणि लगेच लिंबू व इतर किरात समाजांतले लोक रस्त्यावर उतरले. नदीचं नाव नको, आमची ओळख सांगणारं नाव हवं, ही त्यांची मागणी. आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देतं कोण, तर जिल्हा प्रशासन कार्यालय, जे केंद्राच्या हाताखाली चालतं. ओळख प्रदेशाची, शिक्का केंद्राचा.

इथेच 'अस्मिता' आणि 'ओळख' यांतला फरक दिसतो. ओळख दुसऱ्याला पटवता येते, कागदावर उतरवता येते. म्हणून 'ओळखपत्र' असतं आणि 'अस्मितापत्र' नसतं. अस्मिता मुळात 'अस्मि'पासून, म्हणजे 'मी आहे' ही जाणीव. पतंजलीच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे, हे तिचा जयघोष करणाऱ्यांना सांगून पाहा. नेपाळच्या कलमाचं मराठी करताना 'पहिचान'ला 'अस्मिता' म्हणाल तर संविधानाने देऊ केलेल्या गोष्टीपेक्षा लोकांनी मागितलेली गोष्ट वाक्यात शिरेल. कलमात 'ओळख' लिहा. आंदोलनाबद्दल लिहाल तेव्हा 'अस्मिता'.

सहावा प्रतिसाद

घर हलवण्याची कसोटी छान आहे, पण तिच्यात एक गृहीतक लपलं आहे: देश जागच्या जागी आहे, हलतो तो माणूस. उलटंही घडतं.

युगोस्लाव्हियात प्रत्येकाला संघराज्याबरोबर एका प्रजासत्ताकाचंही नागरिकत्व असे. रोजच्या जगण्यात त्याने काही बिघडत नसे, त्यामुळे आपली नोंद कुठली याची फिकीर फारसं कोणी करत नसे. बोस्नियाची नोंद असलेला माणूस स्लोव्हेनियात आयुष्य काढू शकत होता. १९९१मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. इतर प्रजासत्ताकांच्या नोंदी असलेल्या रहिवाशांना अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. बहुतेकांनी केला. ज्यांनी केला नाही किंवा ज्यांचा नाकारला गेला, त्यांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. अशी माणसं २५ हजारांहून अधिक होती. त्यांच्यातले काही तर स्लोव्हेनियातच जन्मलेले. नोकरी, दवाखाना, घर, सगळ्याचा आधार एका नोंदीवर होता आणि ती गेली. त्यांना नावच पडलं 'पुसलेले'. २०१२मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्लोव्हेनियाला दोषी धरलं.

या माणसांनी घर हलवलं नव्हतं. रहिवास तोच होता, पण निर्णय झाला तो नोंदीवरच्या 'मूळ'वरून. म्हणून 'प्रादेशिक नागरिकत्व' हा शब्दप्रयोग फोल समजून तो लेखातून सरसकट गाळू नये असं मला वाटतं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १९४६च्या संविधानात बव्हेरियाचं नागरिकत्व लिहिलेलं आहे, पण ते अमलात आणणारा कायदा कधी झालाच नाही. तिथे शब्द निरुपद्रवी पडून आहे. युगोस्लाव्हियातही तो तसाच पडून होता. राज्य एकसंध असेपर्यंत अशा शब्दाचा अर्थ पातळ असतो. लिहिताना मी तरी पाहतो की तो शब्द आज काय देतो, आणि उद्या त्याच्या आधारे काय काढून घेता येईल.

विचारणाऱ्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: 'कॅटलोनियात नोंद असलेल्या स्पॅनिश नागरिकांनी मतदान केलं.' पुढे 'कॅटलोनियाचे नागरिक' याच अर्थाने येईल, आणि मृत्युपत्राच्या परिच्छेदात 'बेसिंदाद सिविल'साठी 'दिवाणी अधिवास'. एक गाठ राहिली. त्याच २००६च्या कायद्यात परदेशी राहणाऱ्या स्पॅनिश नागरिकांचीही सोय आहे: ज्यांचा स्पेनमधला शेवटचा पत्ता कॅटलोनियातला, त्यांना राजकीय हक्क, आणि त्यांच्या मुलाबाळांनी मागणी केली तर त्यांनाही. यांना काय म्हणू? 'मूळनिवासी' सुचतं आहे.

सातवा प्रतिसाद

'मूळनिवासी' नको. तो शब्द आदिम रहिवाशांसाठी आणि त्याभोवतीच्या राजकारणासाठी वापरात आहे; वाचक भलत्याच वाटेने जाईल. मजकुरात 'परदेशस्थ नागरिक' पुरे. मथळ्यासाठी शब्द हवा असेल तर आपला '-कर' आहे ना. बातमीतला 'मुंबईकर' आज तिथे राहतो म्हणून मुंबईकर असतो, आणि आडनावातला '-कर' गाव सुटून पिढ्या लोटल्या तरी सुटत नाही. एकाच प्रत्ययात रहिवासही आला आणि मूळही. वरच्या कसोटीवर तो सपशेल नापास होतो, म्हणूनच बार्सिलोनातला मतदार आणि ब्वेनोस आइरेसमधली त्याची चुलत नात, दोघांनाही 'कॅटलोनियाकर' म्हणता येईल. फक्त मथळ्यात, कायद्याच्या वाक्यात नको.