मदत हवी आहे: चाकूहल्ला परतवला, गुन्हा मात्र दुकानदारावरच

नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या दुकानदारावर रात्री दुकान बंद करताना एकाने चाकू चालवला, तळहात कापला. याने हातातला शटर ओढायचा लोखंडी आकडा मारला, समोरच्याचा हात मोडला. हल्लेखोराचा साथीदार धावून आला म्हणून शेजारच्या दुकानाची काच फोडून हा आत शिरला. आता याच्यावरच भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२), म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत, लागलंय. स्वसंरक्षण म्हटलं तर सुटेल का? काचेचं काय?

उत्तर १
भाऊ, आधी अटकपूर्व जामीन. ११८(२) अजामीनपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सिव्हिल लाइन्सच्या सत्र न्यायालयात अर्ज टाका. तळहाताची जखम आजच मेयो रुग्णालयात दाखवून एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमेची वैद्यकीय नोंद) करून घ्या. जखम भरली की मोठा पुरावा गेला. चाकूहल्ल्याची उलट फिर्याद द्या. ठाण्यात घेतली नाही तर त्याच संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस आयुक्तांना लेखी पाठवा, मग न्यायदंडाधिकारी.

स्वसंरक्षणाचा बचाव न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर ३८ प्रमाणे प्राणघातक प्रतिकारही चालतो, हात मोडणं तर त्याहून कमीच. पण वार किती झाले?

प्रश्नकर्ता
दोन. दुसरा, चाकू गटारात पडल्यावर.

उत्तर १
खरा पेच इथेच आहे. ४० प्रमाणे हक्क भीती संपेपर्यंतच टिकतो. चाकू पडला, पण साथीदार तेव्हा किती अंतरावर होता? तो येत असेल तर धोका संपलेला नव्हता. न्यायालय प्रत्येक वार सोन्याच्या तराजूत तोलत नाही, मात्र पळणाऱ्याच्या पाठीत मारलेला वार बचावात बसत नाही. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे. तरी संभाव्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकवलं तरी पुरतं.

उत्तर २
काचेला स्वसंरक्षण लावू नका. शेजाऱ्याने हल्ला केलेला नाही. तिथे न्याय संहितेचं कलम १९, म्हणजे निकड: मोठी हानी टाळायला, सद्भावनेने, नुकसान करायचा हेतू नसताना केलेलं कृत्य. फौजदारीतून सुटका होईल, भरपाईचा दिवाणी प्रश्न उरतोच. काचेचे पैसे आताच देऊन टाका, म्हणजे शेजारी साक्षीलाही उभा राहील.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आज बंद करून ठेवा, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. प्रत देताना साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, हॅशसकट (फाइलची डिजिटल ओळखखूण), दोन्ही भाग भरलेलं.