‘रिलॅक्स’चं बारा इंची मिक्स न वाजवता कसं ओळखायचं?

मंडळी, मदत हवी आहे. फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडच्या ‘रिलॅक्स’ गाण्याची बारा इंची सिंगल रेकॉर्ड (झेडटीटी कंपनी, १९८३, ब्रिटिश प्रत) एकाकडे विकायला आहे. घोळ असा, की ही रेकॉर्ड वेगवेगळ्या मिक्ससह, म्हणजे त्याच गाण्याच्या वेगळ्या आवृत्त्यांसह, निघाली: १६ मिनिटांहून लांब मूळ ‘सेक्स मिक्स’, त्याचीच काटछाट केलेली आवृत्ती आणि नंतरचं साधारण सात मिनिटांचं ‘न्यूयॉर्क मिक्स’. मला फक्त पहिलं हवंय. बाकीची दोन सीडीवर ऐकून झालीत.

विकणाऱ्याकडे प्लेअर नाही, त्यामुळे ‘वाजवून बघ’ म्हणू नका. कव्हरचे फोटो मागवले, त्यावरून काही कळत नाही आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल लेबलवर माझा भरवसा नाही. १६ मिनिटांची बाजू असेल तर खाचा लेबलच्या बऱ्याच जवळ जातील, असा माझा अंदाज; पण फोटोत प्रकाश असा चमकलाय की काही दिसेना. माणूस भला आहे, आणखी एकच फोटो पाठवेन म्हणालाय. घेतल्यावर परत मात्र नाही.

ज्यांच्याकडे ही लांब प्रत आहे त्यांनी कृपया सांगावं: लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात ए बाजूला नेमकी कोणती अक्षरं नि आकडे कोरलेत?