शब्दचर्चा : ‘मिथिलीकरण’ आणि ‘जनुकातील बिघाड’

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका पॅथॉलॉजी अहवालात ‘एमएलएच१ प्रमोटर हायपरमिथायलेशन आढळले’ असे वाक्य आहे. रुग्णाच्या मुलांसाठी या अहवालाचा मराठी गोषवारा तयार करायचा आहे. ‘एमएलएच१ जनुकात बिघाड आढळला’ असे लिहिलेले चालेल का?

उत्तर १ : ‘बिघाड’ हा शब्द येथे टाळावा, कारण तो वाचून ‘तोच दोष आपल्यातही उतरला असेल’ असा अर्थ मुले घेतील आणि अहवाल तर बहुधा त्याच्या उलट सांगत आहे. जनुकातील अक्षरांचा क्रम बदलला की त्याला उत्परिवर्तन म्हणतात. मिथिलीकरणात, म्हणजेच मिथायलेशनमध्ये, क्रम जसाच्या तसा राहतो. सायटोसिन या घटकावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट तेवढा जोडला जातो. जनुकाच्या सुरुवातीला असणाऱ्या प्रवर्तक भागात, म्हणजेच प्रमोटरमध्ये, सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन येणाऱ्या जागांची बऱ्याचदा दाटी असते आणि तेथे मिथिल गट साचले की पेशी ते जनुक वाचेनाशी होते. म्हणून ‘मिथिलीकरणामुळे एमएलएच१ जनुक निष्क्रिय झाले आहे’ असे लिहावे.

एमएलएच१ हे डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतील जनुक आहे. ते बंद पडले की डीएनएमधील आखूड पुनरावृत्त क्रमांची लांबी बदलू लागते. हीच मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता. मोठे आतडे व गुदाशय यांच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ती आढळते आणि त्यांपैकी बहुतेकांत तिचे कारण हेच मिथिलीकरण असते, जे सहसा उतारवयात, आतड्याच्या पेशींपुरतेच घडलेले असते. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मात्र दुरुस्ती-जनुकातील उत्परिवर्तन जन्मतःच असते आणि ते प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. याच गाठीत बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हा बदलही सापडला असेल, तर लिंचची शंका आणखी मागे पडते. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. क्वचित काही व्यक्तींत एमएलएच१चे मिथिलीकरण रक्तपेशींतही आढळते, म्हणजे ते आतड्यापुरते मर्यादित नसते. त्यामुळे रुग्ण तरुण असेल तर ‘आनुवंशिक नाही’ असा निर्वाळा न देता जनुकीय समुपदेशनाचा सल्ला लिहावा.

उत्तर २ : वरील उत्तराशी सहमत आहे. प्रश्नातील ‘हायपरमिथायलेशन’साठी ‘अतिमिथिलीकरण’ हा शब्द वापरावा, मात्र ते नेमके कोठे झाले हे सांगितल्याशिवाय तो अपुरा आहे. ‘कर्करोगात मिथिलीकरण वाढते’ हे नेहमी दिसणारे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण फाइनबर्ग आणि व्होगेलस्टीन या संशोधकांनी १९८३ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत दाखवले होते ते अल्पमिथिलीकरण. एकूण डीएनएवरील मिथिल गट घटलेले आणि ठरावीक प्रवर्तकांवर मात्र वाढलेले, अशा दोन्ही गोष्टी एकाच पेशीत असू शकतात. जठराचे उदाहरणही बोलके आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे दीर्घकाळ दाह झालेल्या अस्तरात कर्करोग होण्यापूर्वीच मिथिलीकरण वाढलेले आढळते. एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित जठराच्या कर्करोगांत तर ते फार व्यापक असते, तरीही त्यांत एमएलएच१ सहसा मिथिलीकरणातून सुटलेले असते. म्हणून जनुकाचे नाव, अवयव आणि प्रवर्तक भाग हे तिन्ही उल्लेख वाक्यात हवेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. गोषवाऱ्यात आता असे लिहितो : ‘मोठ्या आतड्यातील गाठीच्या पेशींत एमएलएच१ जनुकाच्या प्रवर्तक भागाचे अतिमिथिलीकरण झाले असून त्यामुळे ते जनुक निष्क्रिय झाले आहे. असा बदल बहुधा आई-वडिलांकडून आलेला नसतो. तरीही मुलांच्या तपासणीबाबत डॉक्टरांशी बोलावे.’