आई-बाबांना घेऊन पहिलंच युरोप, सगळं ट्रेनने. प्लॅन जरा बघता का?

रावपुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे. पुढच्या मेच्या शेवटी मी, नवरा आणि सासू-सासरे असे चौघं जायचं म्हणतोय, जेमतेम दोन आठवडे मिळतील. सासरे पासष्टीच्या पुढचे, चालायला ठीक पण जिने चढले की गुडघा बोलतो. टूर कंपनीबरोबर जायचं नाहीये कारण दोघांनाही बसमध्ये आठ-आठ तास बसवत नाही आणि ट्रेनचं दोघांनाही भारी वेड. मी लिहून काढलंय ते असं: पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम. युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या ट्रेनना चालणारा एकच पास) घ्यावा का? आणि व्हिसा जिथली अपॉइंटमेंट आधी मिळेल तिथला घे असं नणंद म्हणते, ते चालतं का?

मांजलपूरकर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सात शहरं दोन आठवड्यांत म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, नवीन गावात परत हॉटेल शोधायचं. ट्रेन चार तासांचीच असली तरी दिवस अख्खा जातो, आणि तिकडे हमाल नाहीत, बॅगा आपल्याच हातात. वयस्कर माणसं बरोबर असताना तीन मुक्काम खूप झाले. पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं लुत्सर्न, रोम. जाताना मुंबई ते पॅरिस आणि येताना रोम ते मुंबई असं तिकीट काढा म्हणजे पहिल्या गावी परत यायला नको.

व्हिसाचं नणंदबाईंना सांगा की तसं नाही चालत. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे झाले तर जिथे आधी उतरणार तिथे. म्हणून दोन देशांचे दिवस सारखे ठेवूच नका, तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंडला सहा-सात रात्री ठेवा आणि तिथलाच शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) घ्या. फी मोठ्या माणसाला 90 युरो, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, सासऱ्यांच्या वयाला प्रीमियम जास्त पडेल ते आधीच धरून ठेवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे म्हणजे सुट्टीची गर्दी, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच कागद जमवायला लागा: बँक स्टेटमेंट, आयटीआर, सासऱ्यांची पेन्शन स्लिप.

दांडियाबाजार_ते_दुनिया

युरेलबद्दल. चारपाच लांबचे प्रवास असतील तरच तो हिशेबात बसतो, आणि लोकांना वाटतं पास म्हणजे कुठल्याही गाडीत चढा, तसं नाहीये. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा या वेगवान गाड्यांना पास असला तरी रिझर्वेशन वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे. तुमच्या तीन गावांत मोठे टप्पे दोनच, त्यांची सुटी तिकिटं दोनतीन महिने आधी काढलीत तर खूप स्वस्त पडतात, विमानासारखंच, जितकं उशिरा तितकं महाग. फक्त ही स्वस्त तिकिटं बहुतेक बदलता येत नाहीत, तेव्हा व्हिसा हातात आल्यावरच काढा.

स्वित्झर्लंडच्या आत मात्र स्विस ट्रॅव्हल पास घ्याच. ट्रेन, बस, सरोवरातली बोट, गावातली ट्राम सगळं त्यात, बहुतेक गाड्यांना रिझर्वेशनची भानगड नाही, सकाळी पाऊस दिसला तर प्लॅन बदला आणि दुसरी गाडी पकडा. तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा मिळतो. युंगफ्राऊयोखला, म्हणजे बर्फातल्या त्या उंच डोंगरी स्टेशनला, तो पूर्ण चालत नाही, वरच्या टप्प्याला सवलतच मिळते. पण लुत्सर्नजवळच्या रिगी डोंगराला पूर्ण चालतो, आणि सासऱ्यांसाठी मी रिगीच म्हणेन.

पॅरिसला एक लक्षात ठेवा, प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर साधारण वीस मिनिटं आधीच लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. तुमची गाडी गार द ल्याँ स्टेशनवरून, स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेलपर्यंत तीन तास, तिथे गाडी बदलून तासाभरात लुत्सर्न.

प्रतापनगर_यार्ड

मी रेल्वेतूनच रिटायर झालोय म्हणून सुनबाईंच्या सासऱ्यांसाठी खास लिहितो. लुत्सर्नहून बोटीने फिट्सनाऊला जायचं, तिथून रिगीची दात्यांच्या रुळावरची गाडी, 1871 ची, युरोपातली पहिली डोंगरी दाती रेल्वे. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी दिसते, इंजिनाचं चाक त्यात अडकून वर चढतं. खाली उतरून नीट बघायला लावा त्यांना.

आणि इटलीला जाताना मोठ्या बोगद्यातून जाऊ नका. गॉटहार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा 2016 ला सुरू झाला, इंजिनियरिंग म्हणून थोर काम आहे, पण खिडकीबाहेर काळोख. त्यापेक्षा कूर, सेंट मॉरिट्झ, तिरानो असं बेर्निना लाइनने जा. मीटर गेज आहे, 2,253 मीटरवर चढते, आणि हजार मीटरला सत्तर मीटर असा चढ आहे तरी दाते नाहीत, नुसती चाकं रुळाला धरून चढतात! आपल्या डभोईच्या नॅरो गेजवर वाढलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते लिहून नाही सांगता येत. ब्रुझियोला उंची कमी करायला रूळ एका दगडी पुलावर गोल फिरतो, स्वतःच्याच खालून जातो, खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. बेर्निना एक्सप्रेसला रिझर्वेशनचे जादा पैसे आहेत, पण त्याच रुळावर साध्या गाड्याही धावतात, तुमचा स्विस पास तिरानोपर्यंत चालतो.

रावपुऱ्याची_सून

काका, हे वाचून दाखवलं तर आमचे बाबा आत्ताच रुळावर उभे राहिले 😊 पण लुत्सर्न ते रोम असं एका दिवसात होईल का? आणि व्हेनिस अगदीच सोडायचं? सासूबाईंचं तेवढं एकच मागणं आहे.

प्रतापनगर_यार्ड

एका दिवसात अजिबात नको. तिरानोला एक रात्र राहा, लहान गाव आहे, स्विस आणि इटालियन दोन्ही स्टेशनं शेजारी शेजारी, बॅगा ओढायला लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी कोमो सरोवराच्या काठाने अडीच तासांत मिलान. सेंट मॉरिट्झहून निघताना उजवीकडे बसा, लागो बियांको सरोवर त्या बाजूला आहे.

मांजलपूरकर

सासूबाईंचं एकच मागणं असेल तर ते धरूनच प्लॅन करा. पॅरिसमधली एक रात्र आणि रोममधली एक कमी करा, मिलानहून व्हेनिस अडीच तास, दोन रात्री राहा, मग तिथून रोम थेट चार तासांच्या आत. तिकीट काढताना स्टेशन सांता लुचिया बघा, मेस्त्रे नको, ते पाण्याच्या अलीकडे आहे. इटलीत साध्या लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारा, नाहीतर दंड.

दांडियाबाजार_ते_दुनिया

खाण्याचं राहिलंच. खाकरा, भाकरवडी, लीलो चेवडो भरपूर न्या पण पेढे, श्रीखंड, तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत. लुत्सर्नला किचनवाली खोली घ्या, सुपरमार्केट स्टेशनातच मिळतं आणि रविवारी गावातली दुकानं बंद असली तरी स्टेशनातलं उघडं असतं. चौघांना एकेक लहान बॅग, चाकांची, जी ज्याची त्यालाच उचलता येईल एवढीच. तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका, गाड्यांच्या वेळा आपण मिळून लावू.